काळा रंग सोपा वाटतो, ग्लॉस बसवायला घ्या मग कळतं

गाडीच्या बॉडीचा रंग मॅच करायचा असला की लोक केवढं डोकं लावतात. कलर कोड शोधतात, पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून सँपल म्हणून नेतात, मशीनवर शेड मिक्स करून घेतात. आणि पार्ट काळा असला की मात्र, अरे काळाच तर आहे, आण एखादा कॅन आणि मार दोन हात. मग तो वायपर आर्म किंवा ती ग्रिल गाडीवर बसवली की काहीतरी खटकतं, पण काय खटकतंय ते पटकन सांगता येत नाही, कारण रंग तर काळाच आहे की. खटकत असतो तो ग्लॉस, म्हणजे पेंटची चमक. शेजारचं प्लास्टिक मंद आहे आणि आपला पार्ट आरशासारखा, किंवा उलटं, बोनेटखालची सगळी इंजिन बे छान सेमी-ग्लॉस, म्हणजे अर्धवट चमकणारी, आणि मध्येच एक ब्रॅकेट फळ्याला मारतात तसल्या काळ्या रंगाचा.

माझं मत सरळ आहे, काळ्यात ग्लॉस हीच शेड. लाल किंवा निळ्यात ग्लॉस थोडा इकडेतिकडे झाला तरी डोळा आधी रंग बघतो. काळ्यात बघायला दुसरं काही नसतंच. आणि दुसरी गोष्ट, हा ग्लॉस डब्यात भरून मिळत नाही, तो पार्टवर पेंट वाळताना तयार होतो, त्यामुळे डब्यावर सॅटिन, म्हणजे मंद, मऊ चमक, लिहिलंय म्हणून सॅटिनच येईल याची काही खात्री नाही. खाली जे काही लिहिलंय ते सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

आधी मॅट काळा करडा का दिसतो ते बघू, कारण यात बरेच जण अडकतात आणि जास्त काळा पेंट शोधत बसतात. पेंटच्या वरच्या पृष्ठभागावर उजेड समोरून पडला की त्यातला साधारण ४ टक्के उजेड तिथूनच परत फिरतो, आतमधलं पिगमेंट, म्हणजे रंगाची पूड, कितीही काळं असो. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर हा ४ टक्के सगळा एकाच दिशेने जातो, म्हणजे त्या एका कोनात दिव्याचं प्रतिबिंब दिसतं आणि बाकी सगळीकडून बघितलं तर खोल काळं. पृष्ठभाग बारीक खडबडीत असेल तर तोच ४ टक्के सगळीकडे विखुरतो, मग कुठूनही बघा, काळ्यावर एक पातळ करडा पडदा असतोच. म्हणजे दोन्ही डब्यांत पिगमेंट एकच, कार्बन ब्लॅक, तरी शेजारी ठेवले की मॅटवाला फिका वाटणार. तिथे पेंट बदलून उपयोग नाही, ग्लॉस बदलावा लागतो.

हा खडबडीतपणा येतो कुठून, तर मॅटिंग एजंटमधून. बहुतेक वेळा ती सिलिकाची बारीक पूड असते, काही मायक्रॉनचे कण, कधी सोबत वॅक्स. पेंट ओला असताना सगळंच चकचकीत दिसतं, मॅट पेंटसुद्धा, कारण वर द्रवाची सपाट पातळी असते आणि कण आत बुडालेले असतात. थिनर उडायला लागला की फिल्म आकसते, कण मात्र आकसत नाहीत, मग ओढ्याचं पाणी ओसरल्यावर गोटे डोकं वर काढतात तसं पृष्ठभागावर होतं. आता यावरून पुढचं सगळं आपोआप कळतं. फिल्म जाड बसली तर कण आतच बुडून राहतात आणि ग्लॉस वाढतो. पातळ, कोरडा हात मारला तर ग्लॉस पडतो. डबा नीट हलवला नाही तर सिलिका तळाशी बसलेलीच राहते, वरचं वरचं मारलं की सुरुवातीचे पार्ट चकचकीत आणि तळ गाठला की शेवटचे पार्ट एकदम मॅट. एकाच डब्यातून, एकाच दुपारी! काडी घालून तळ खरवडून ढवळायचं, तळाला घट्ट थर लागेनासा झाला की मग अजून थोडा वेळ ढवळायचं, आणि पार्ट जास्त असतील तर मध्येमध्ये स्प्रे गनचा कपसुद्धा गोल फिरवत राहायचा.

मोजायचं कसं? ग्लॉसमीटर म्हणून यंत्र असतं, ते ठराविक कोनातून उजेड टाकतं आणि त्याच कोनात किती परत आला ते मोजतं. १.५६७ अपवर्तनांक असलेल्या गुळगुळीत काळ्या काचेला १०० युनिट धरलंय, त्याच्या तुलनेत आपला आकडा. कोन तीन वापरतात, २०, ६० आणि ८५ अंश. आधी ६० वर बघायचं, आकडा ७० च्या वर गेला तर २० वर मोजायचं कारण तिथे चकचकीत पार्टमधला फरक जास्त स्पष्ट कळतो, १० च्या खाली आला तर ८५ वर. चांगला पॉलिश केलेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नव्वदच्या आसपास जातो.

हा ८५ अंशांचा भाग नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण काही मॅट पेंट समोरून बघितले तर एकदम मेलेले दिसतात आणि तिरके बघितले, म्हणजे नजर पार्टच्या जवळजवळ समांतर नेली, की चमकतात. दोन वेगळ्या कंपन्यांचे मॅट ६० अंशांवर सारखा आकडा देतील आणि बोनेटवर तिरक्या उन्हात एक चमकेल, एक नाही. म्हणून मॅचिंग करताना सगळ्या बाजूंनी बघावं लागतं, एकाच जागी उभं राहून ओके म्हणायचं नाही.

आणि ही डब्यावरची नावं, फ्लॅट, मॅट, एगशेल, सॅटिन, सेमी-ग्लॉस. यांच्यामागे सगळ्यांनी पाळायचा असा एकच आकडा नाही. ढोबळ म्हणायचं तर १० च्या खाली मॅट, पंचवीस ते चाळीसच्या आसपास सॅटिन, त्याच्यावर सेमी-ग्लॉस, आणि ७० नंतर ग्लॉस, पण एकाचा सॅटिन दुसऱ्याच्या सेमी-ग्लॉसपेक्षा जास्त चमकतो असं सर्रास होतं. जुन्या गाड्या रिस्टोअर करणारे लोक ३० टक्के ग्लॉस, ६० टक्के ग्लॉस असं बोलतात ते जास्त कामाचं, निदान एक दिशा तरी मिळते. पण माझ्या मते आकड्याच्याही आधी शेजारी बघावा. पार्ट कशाच्या बाजूला बसणार आहे? त्याच्याशी जुळला म्हणजे झालं. बंपरच्या खालचा लिप मूळ टेक्स्चरवाल्या प्लास्टिकला चिकटून बसणार असेल तर तुमच्या आवडीचा सॅटिन तिथे काही कामाचा नाही.

घरी ग्लॉसमीटर कोणाकडे असतो, आणि असला तरी तो सपाट जागेवरच नीट चालतो, वळणदार वायपर आर्मवर टेकवून काय मोजणार. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. स्टीलची पट्टी पार्टवर उभी धरायची, शून्य खाली टेकवून, आणि पार्टमध्ये पडलेल्या प्रतिबिंबात किती सेंटीमीटरपर्यंतचे आकडे वाचता येतात ते बघायचं. फुल ग्लॉसमध्ये पट्टी संपेपर्यंत वाचता येतात, सेमी-ग्लॉसमध्ये थोड्या अंतरानंतर आकडे पुसट होतात, सॅटिनमध्ये पहिले एक-दोनच, मॅटमध्ये काहीच नाही. मूळ पार्टवर बघा, आपल्या सँपलवर बघा, तोच दिवा, तीच उंची. आकडा मिळत नाही पण दोन्ही सारखे आहेत की नाही हे अगदी पक्कं कळतं. आणि ट्यूबलाइटखाली बघितलं तर एकदा बाहेर उन्हात पण बघून घ्या, लांब पसरट उजेडात फरक लपतो आणि उन्हात तो उघडा पडतो.

आता मूळ गाडीवर काय असतं ते. सगळा काळा एकच हा गैरसमज फार जुना आहे, आणि गंमत म्हणजे जी गाडी यासाठी प्रसिद्ध आहे, फोर्डची मॉडेल टी, १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची, तिच्यावरसुद्धा पार्टप्रमाणे वेगवेगळे काळे पेंट वापरलेले होते, अॅस्फाल्टवाले, काही बुडवून लावायचे, काही भट्टीत भाजायचे. आजच्या गाडीत तर विचारूच नका. चेसिस आणि बॉडीच्या आतले पत्रे ई-कोटमध्ये बुडवून निघतात, म्हणजे पेंटच्या टाकीत वीज सोडून चढवलेला थर, साधारण २० मायक्रॉनच्या आसपास, आणि त्याची चमक मधली असते, ना मॅट ना ग्लॉस. स्प्रिंगवर बऱ्याचदा पावडर कोट, म्हणजे कोरडी पूड मारून भट्टीत वितळवलेला थर. नटबोल्टवर तर बऱ्याच वेळा पेंटच नसतो, फॉस्फेटचा थर नाहीतर झिंकचं प्लेटिंग असतं, आणि त्यावर आपण हौसेने काळा सॅटिन मारला की चकाचक दिसण्याऐवजी मारलाय हे लांबून कळतं. जुन्या गाड्यांत ओतीव लोखंडाचे काही पार्ट कोरेच असायचे.

वायपर आर्मचं उदाहरण घ्या. अमेरिकेत १९६८ पासून ड्रायव्हरच्या नजरेसमोरच्या चकचकीत धातूच्या भागांवर, त्यात वायपर आर्म, स्टीअरिंगचा हब, हॉर्नची रिंग असं सगळं आलं, २० अंशांच्या मोजणीत ४० युनिटच्या वर ग्लॉस नको असा सुरक्षेचा नियम होता, कारण ऊन त्यावर पडून डोळ्यात जातं. नंतर नियम काढला पण कारण काही गेलेलं नाही. म्हणून वायपर आर्म, काउल (काचेच्या खालची पट्टी), डॅशबोर्डचा वरचा भाग इथे कोणी दिसायला भारी म्हणून पियानो ब्लॅक, म्हणजे आरशासारखा काळा, करायला निघालं तर मी नको म्हणेन. दुपारी ऊन समोर असताना चालवून बघा मग.

एक्झॉस्ट आणि मॅनिफोल्डला ग्लॉस मागूच नका. जास्त तापमानाचे सिलिकॉन रेझिनचे पेंट बहुतेक मॅटच येतात, आणि ते खरे पक्के होतात गरम केल्यावर, तोपर्यंत नखाने पण निघतात. रेडिएटरवर मात्र लोक एक गोष्ट ठामपणे सांगतात की मॅट काळा मारला की उष्णता जास्त बाहेर टाकतो. आता बघा, उष्णतेचे किरण बाहेर टाकण्याची क्षमता ० ते १ मध्ये मोजतात, आणि जवळजवळ कुठलाही साधा पेंट, पांढरासुद्धा, साधारण ०.९ च्या आसपासच असतो, आणि रेडिएटर थंड होतो तो मुख्यतः वाऱ्याने. तेव्हा मॅट मारा ते दिसायला चांगलं म्हणून, पण पातळ मारा, पट्ट्यांमधल्या फटी बुजल्या तर खरंच गरम होईल.

आता मुख्य काम. मला विचाराल तर टेस्ट पीस केल्याशिवाय काळ्या पार्टला हात लावू नये, आणि टेस्ट पीस म्हणजे वर्तमानपत्रावर एक फवारा नव्हे. कागद पेंट शोषतो, तो काहीही दाखवेल. पार्ट पत्र्याचा असेल तर पत्र्याचा तुकडा, प्लास्टिकचा असेल तर प्लास्टिकचा, त्यावर तोच प्रायमर, त्याच नंबरचा पॉलिश पेपर, तेवढेच हात, तेवढंच अंतर, आणि मुख्य म्हणजे तेवढाच वेळ वाळू द्यायचा. मारल्यावर अर्ध्या तासात जो ग्लॉस दिसतो तो खरा नसतो. थिनर पुढचे बरेच तास, कधी काही दिवस बाहेर पडत राहतो आणि ग्लॉस खाली येत जातो. आज परफेक्ट सेमी-ग्लॉस दिसतोय म्हणून पार्ट बसवलात की आठवड्याने तो सॅटिन झालेला असू शकतो. म्हणून टेस्ट पीस आदल्या दिवशी करा, जमलं तर अजून आधी, आणि त्याच्या मागे लिहून ठेवा काय काय केलंत. पुढच्या वेळी डबा दुसरा असला तरी सुरुवात कुठून करायची ते माहीत असतं.

खालचा थर महत्त्वाचा आहे हे कोणी फारसं बोलत नाही. प्रायमर भुसभुशीत असेल, किंवा पुट्टी आणि प्रायमर अर्धे अर्धे उघडे असतील, तर ते वरच्या पेंटमधलं रेझिन, म्हणजे पेंटला बांधून ठेवणारा चिकट भाग, शोषून घेतात आणि तिथे डाग पडल्यासारखा ग्लॉस कमी दिसतो. नीट सील केलेला एकसारखा बेस पाहिजे. आणि मॅट पेंट खालच्या चुका झाकतो हा समज अर्धाच खरा. बारीक लाटा, डेंट थोडे लपतात, पण पेपरचे ओरखडे सॅटिनमध्ये मस्त दिसतात आणि नंतर ते घासून काढता येत नाहीत. शेवटचा पेपर ६०० च्या आसपास, त्याच्याहून खरखरीत नको.

गनची सेटिंग पेंटच्या डेटाशीटवर दिलेली असते, ती पाळा, साधारण १.३ मिलिमीटरचा नोझल, १५ ते २० सेंटीमीटर अंतर, हाताचा वेग एकसारखा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. फुल ग्लॉसमध्ये यात थोडं कमीजास्त झालं तर पॉलिशने निस्तरता येतं. मॅट-सॅटिनमध्ये जसं पडलं तसं राहतं, पट्टा कमी चढला तिथे एक फिकी रेघ, जास्त चढला तिथे चमकणारी रेघ, आणि मोठ्या सपाट पार्टवर वाघाच्या अंगावर असतात तसे पट्टे. मध्येच थांबून गन परत मागे नेऊन एवढंसं राहिलं म्हणून फुसकन मारणं ही तर सगळ्यात वाईट सवय.

दोन हातांमधला वेळ, इथे सगळ्यात जास्त कामं बिघडतात. मॅट किंवा सॅटिनचा पहिला हात पूर्ण मंद होईपर्यंत थांबायचं, म्हणजे ओली चमक सगळीकडून गेली पाहिजे, कोपऱ्यांत आणि खाचांतसुद्धा, तिथे पेंट जाड बसतो आणि उशिरा वाळतो. घाईत दुसरा हात मारला तर खालचा थिनर अडकतो आणि तिथे ग्लॉसचे ठिपके राहतात, कितीही दिवस थांबा, जात नाहीत. शेवटचा हात आडवा मारला असेल तर काहीजण त्यावर लगेच थोड्या लांबून उभा हलका हात देतात, पट्टे एकसारखे व्हायला. चालतं, पण फार लांब गेलात तर पेंट हवेतच वाळून पार्टवर कोरडी पूड पडते, हाताला खरखरीत लागते आणि काळ्यावर करडी दिसते. ती मॅट फिनिश नव्हे, ती धूळच.

हवामानाचं पण बघा. गरम, कोरड्या हवेत थिनर पटापट उडतो, पेंट पसरायच्या आत वाळतो आणि ग्लॉस ठरवलेल्यापेक्षा कमी येतो, मग स्लो थिनर घ्यावा लागतो. दमट हवेत वेगळीच पंचाईत, थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि पेंटवर पांढुरका धूर आल्यासारखं दिसतं. पांढऱ्या पार्टवर ते कळणार पण नाही, काळ्यावर लपायला जागाच नाही. अशा दिवशी सरळ काम पुढे ढकला, पार्ट कुठे पळून जात नाही.

ग्लॉस आणि मॅट मिसळून मधला बनवायचा असेल तर एकाच कंपनीच्या एकाच सिरीजचे दोन घ्या, आणि निम्मे निम्मे घातले म्हणजे बरोब्बर मधला ग्लॉस येईल असं समजू नका, तसं सरळ गणित नाही ते. थोडं थोडं प्रमाण बदलून टेस्ट पीसची एक माळ करा, आणि वजन काट्यावर मोजा, अंदाजपंचे नको, नाहीतर तोच ग्लॉस परत कधीच मिळणार नाही. हार्डनर, म्हणजे पेंट पक्का करायला त्यात मिसळतात तो दुसरा घटक, कमीजास्त करून ग्लॉस बदलायचा उद्योग तर अजिबात नको. ग्लॉस हलतो हे खरं, पण पेंट नीट पक्का होत नाही, आणि वर्षभराने त्याची फळं दिसतात.

स्प्रे कॅनवाल्यांनी पण नाराज व्हायचं कारण नाही, छोट्या पार्टवर कॅनने फार सुंदर सॅटिन येतो. आतली गोळी खडखडायला लागल्यानंतर पुढे दोन मिनिटं तरी हलवा, बहुतेक लोक गोळी वाजली की झालं समजतात आणि मग मॅटिंग एजंट तळाशीच. कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला की प्रेशर आणि फवारा एकसारखा येतो, कोमटच हं, गॅसवर नाहीतर उकळत्या पाण्यात नाही, ५० अंशांच्या वर कॅन नेऊच नये. फवारा पार्टच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. आणि एक, साधा एकाच घटकाचा कॅन पेट्रोलने मऊ पडतो, आणि ब्रेक ऑइल तर जवळजवळ सगळेच पेंट खातं, म्हणून ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या आसपास आणि टाकीच्या तोंडाजवळ हार्डनरवालाच पेंट हवा.

हार्डनरवाल्या पेंटबद्दल गंभीरपणे सांगतो. त्यात आयसोसायनेट असतात, धोका असतानाही त्यांचा वास येईलच असं नाही आणि एकदा शरीराने त्यांच्याशी वैर धरलं की कायमचा दमा मागे लागू शकतो, मग अगदी थोडा संपर्क सुद्धा पुरतो. साध्या कापडी मास्कचा काही उपयोग नाही. बाहेरची ताजी हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, डोळे झाकलेले आणि हवा खेचून नेणारी जागा, एवढं नसेल तर ते काम बूथवाल्याकडे द्या. स्प्रे कॅनच्या रूपात येणारा हार्डनरवाला पेंट पण याच रांगेत धरा.

प्लास्टिकचे पार्ट वेगळं प्रकरण आहे. बंपर आणि ट्रिम बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, त्याला पेंट चिकटतच नाही, अॅडेशन प्रमोटर, म्हणजे पेंट चिकटावा म्हणून आधी मारायचा थर, लागतोच. तो पातळ मारायचा. आणि मूळ पार्टला बारीक दाणेदार टेक्स्चर असतं, त्याची मंद चमक पेंटची नसून त्या दाण्यांची असते. त्यावर दोन-तीन जाड हात बसले की दाणे बुजतात आणि तोच सॅटिन पेंट अचानक सेमी-ग्लॉस दिसायला लागतो. इथे पेंट बदलून काही होत नाही, कमी आणि पातळ मारायला लागतो. नुसता ऊन खाऊन करडा पडलेला प्लास्टिक असेल तर मी तर पेंटच मारणार नाही, ट्रिम रिस्टोअरर, म्हणजे प्लास्टिकचा काळेपणा परत आणणारं द्रव, लावून बघा आधी.

पियानो ब्लॅक पाहिजे असेल तर सगळं उलटं. बेस काळा, वर क्लिअर, तो पूर्ण पक्का झाल्यावर पाण्याबरोबर १५००, मग २०००, मग ३००० चा पेपर, मग कंपाउंड, मग पॉलिश. मेहनत भरपूर आहे पण मन शांत असतं, कारण चूक झाली तरी घासून परत येता येतं. बाकी धूळ, पेपरचा एक ओरखडा, ऑरेंज पील म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा उंचसखलपणा, काळ्या आरशात सगळं दुप्पट दिसतं.

मारून झाल्यावर ग्लॉस चुकलाय असं दिसलं तर काय? जास्त आलाय आणि पार्ट छोटा, नजरेआड आहे, तर पेंट पक्का झाल्यावर करड्या स्कॉच-ब्राइटने एकाच दिशेने हलकं घासून ग्लॉस थोडा खाली आणता येतो. ब्रॅकेट, पेडलचा दांडा, असल्या ठिकाणी चालतं, मोठ्या दर्शनी पार्टवर नाही, ओरखडे दिसतात. कमी आलाय तर मात्र मॅट पेंट पॉलिश करून सॅटिन करायचा मोह टाळा, फक्त उंच जागा आणि कडा घासल्या जातात आणि पार्ट ठिकठिकाणी तुळतुळीत होतो, हात लागून झिजलेल्या स्टीअरिंगसारखा. सरळ पेपर मारून पूर्ण पार्ट परत रंगवा. पूर्ण म्हणजे पूर्ण, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मॅट-सॅटिनमध्ये मधला पॅच मारून कडा मिसळवता येत नाहीत, जिथे नवीन जुन्यावर चढतो तिथे वर्तुळ दिसतंच.

जुन्या पार्टशी मॅच करताना अजून एक घोळ, जुना पार्ट ज्या ग्लॉसचा आज दिसतो तो त्याचा मूळ ग्लॉस नसतो. ई-कोट इपॉक्सीचा असतो, उन्हात तो पांढुरका पडतो, खडू फासल्यासारखा. तेव्हा उघड्या बाजूवरून सँपल घेऊ नका, पार्ट सोडवून जोडाच्या आत किंवा रबराखाली झाकलेली जागा बघा, साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून. मग ठरवा की मूळ ग्लॉस हवा की आजचा. एकच पार्ट रंगवत असाल तर मी आजचा घेईन, सगळे उतरवले असतील तर मूळ.

आणि हो, रंगवून झाल्यावर त्यावर वॅक्स नाहीतर टायरला लावतात ते सिलिकॉनचं ड्रेसिंग चोळू नका, ते त्या बारीक खाचांत भरतं आणि महिनाभर जपलेला सॅटिन एका रविवारी चकचकीत, डागाळलेला होतो. साधा शाम्पू, मऊ कापड, पक्ष्याची विष्ठा किंवा किडे लगेच भिजवून काढायचे, घासायचं नाही. ब्रश फिरणाऱ्या वॉशिंगमध्ये तर मॅट पार्टवाली गाडी घालूच नका.